खोके हुबेहूब होते, मग चूक कुठे झाली?

वाचकाचे पत्र:

"दोन महिन्यांपूर्वी एका ऑनलाइन बाजारातून मी मोबाइलचा एक चार्जर आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या दोन डब्या मागवल्या. दोन्ही वस्तू नावाजलेल्या कंपन्यांच्या होत्या. खोकी कोरी करकरीत, त्यांवर चकाकणारा होलोग्राम, बारकोड, सगळे जिथल्या तिथे. किंमत मात्र इतर ठिकाणांपेक्षा जवळजवळ निम्मी. तिसऱ्या आठवड्यात चार्जर इतका तापला की त्याचे प्लास्टिक एका बाजूने पिवळे पडून मऊ झाले. कंपनीच्या सेवा केंद्रात नेला, तर तिथल्या माणसाने तो हातात घेताक्षणीच नकली असल्याचे सांगितले. क्रीमही त्याच विक्रेत्याकडून आलेले असल्याने आता मला त्याचीही शंका येते. एक डबी मी वापरते आहे, दुसरी धाकट्या बहिणीला भेट दिली. मुलगा म्हणतो, 'आई, तुला कळले कसे नाही?' दीर म्हणतात, 'ब्रँडवाले तरी कुठे साव आहेत? नकली घेतले तर काय बिघडले?' चार्जर दुरुस्त करून कमी पैशांत कुणाला तरी देऊन टाकावा, असाही त्यांचा सल्ला आहे. नकली वस्तू ओळखायची कशी आणि आता मी काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण बाकीची चर्चा आठवडाभर थांबली तरी चालेल, याचे उत्तर मात्र आजच मिळायला हवे. तो चार्जर यापुढे एकदाही सॉकेटला लावू नका, 'चालतो का ते पाहू' म्हणूनसुद्धा नाही. क्रीमची डबी घट्ट बंद करून बाजूला ठेवा आणि ते खरे की खोटे हे ठरेपर्यंत चेहऱ्याला लावू नका. दोन्ही वस्तू फेकून मात्र देऊ नका. तक्रार करायची झाली तर त्या वस्तू, त्यांची खोकी आणि ऑर्डरची नोंद एवढाच तुमच्या हातातला पुरावा आहे.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. तुम्हाला कळले नाही याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही, आणि ते तुम्हालाही वाटू नये. अमेरिकेत सरकारी कारभाराची तपासणी करणारी गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस ही संस्था आहे. तिने ऑनलाइन बाजारांतल्या स्वतंत्र विक्रेत्यांकडून नामांकित कंपन्यांच्या नावाच्या ४७ वस्तू विकत घेतल्या, त्या मूळ कंपन्यांकडून तपासून घेतल्या आणि २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्या ४७ पैकी २० वस्तू नकली निघाल्या. मला यातला आकड्यापेक्षा त्याचा तपशील अधिक बोलका वाटतो. नकली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा बूट येतात, पण घेतलेले पंधराच्या पंधरा बूट अस्सल निघाले. प्रवासात वापरायच्या ९ मगांपैकी ६ खोटे होते, १० चार्जरांपैकी एक खोटा होता, आणि सौंदर्यप्रसाधने घेतली होती १३, ती सगळीच्या सगळी नकली. म्हणजे आपण जिथे डोळे वटारून पाहतो तिथे माल चोख आणि जिथे बेसावध असतो तिथे खोटा, असाही प्रकार घडू शकतो.

सेवा केंद्रातल्या माणसाला चार्जर हातात घेताच कळले, कारण त्याच्या हातांना शेकडो अस्सल चार्जरांचे वजन आणि त्यांच्या पिनांचा गुळगुळीतपणा ठाऊक आहे. तुमच्याजवळ तुलनेला एकही नव्हता. नकली वस्तूंचा सगळा धंदा याच एका गोष्टीवर चालतो: ग्राहकाच्या हातात एका वेळी एकच वस्तू असते.

म्हणूनच 'नकली वस्तू ओळखायची कशी' या तुमच्या प्रश्नाचे शब्द मी थोडे बदलू इच्छितो. वस्तू हातात आल्यावर तिच्याकडे निरखून पाहणे हा उपाय सर्वांत शेवटचा आणि सर्वांत कच्चा आहे. ती कुणाच्या हातून, कोणत्या वाटेने तुमच्यापर्यंत आली, हे पाहणे त्याहून कितीतरी भरवशाचे आहे. हे मी माझ्या मनाने सांगत नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते, तेव्हाची गोष्ट या बाबतीत मला फार शिकवून गेली. ग्रहण पाहण्याच्या चष्म्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आणि लोकांनी त्या मानकाचा क्रमांक चष्म्यावर छापलेला आहे ना, एवढे पाहून घ्यावे, असा जाणकारांचा सुरुवातीचा सल्ला होता. ग्रहण जवळ आले तसे बाजारात असे चष्मे येऊ लागले, ज्यांवर तो क्रमांक अगदी व्यवस्थित छापलेला होता, पण काचेच्या जागी काय बसवले होते याचा भरवसा नव्हता. तेव्हा अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने आपला सल्लाच बदलला. छापलेला क्रमांक पुरेसा नाही असे सांगून तिने विश्वासू उत्पादकांची आणि विक्रेत्यांची यादी प्रसिद्ध केली. काय छापले आहे ते पाहू नका, कुणाकडून घेता ते पाहा, असाच त्या बदलाचा अर्थ होता. छापखाना ज्याच्याजवळ आहे त्याला कोणतेही चिन्ह छापता येते.

तुमच्या खोक्यावरच्या खुणांचेही असेच आहे. बारकोडचे पहिले तीन आकडे पाहून वस्तू कोणत्या देशात तयार झाली ते कळते, असा एक संदेश वर्षानुवर्षे मोबाइलवर फिरतो आहे. ते खरे नाही. कंपनीने आपले क्रमांक कोणत्या देशातल्या नोंदणी संस्थेकडून घेतले, एवढेच त्या आकड्यांवरून समजते. माल तिसऱ्याच देशातल्या कारखान्यात तयार झालेला असू शकतो. शिवाय बारकोड म्हणजे शेवटी शाईच्या रेघा. अस्सल खोक्यावरून त्या जशाच्या तशा उचलल्या की यंत्र त्या बिनतक्रार वाचते. होलोग्रामची आपण एकच परीक्षा घेतो, ती म्हणजे तो चमकतो का. त्यात नेमके कोणते चित्र असायला हवे आणि ते कोणत्या कोनातून कसे बदलायला हवे, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि नुसती चमकणारी चिकटपट्टी कुणालाही मिळते.

क्यूआर कोडच्या बाबतीत तर अधिक जपायला हवे. नकली खोक्यावरचा कोड स्कॅन केल्यावर हुबेहूब कंपनीसारखे दिसणारे पान उघडते आणि 'अभिनंदन, तुमचे उत्पादन अस्सल आहे' असे तेच तुम्हाला सांगते. चोरालाच पंच नेमण्याचा हा प्रकार झाला. खरवडून पाहायचा गुप्त क्रमांक असेल तर तो उपयोगी पडतो, पण कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता तुम्ही स्वतः टाइप करून तिथे तो क्रमांक भरला तरच. हा क्रमांक आधीच तपासला गेला आहे असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ बहुधा एकाच क्रमांकाची अनेक खोकी छापली गेली आहेत, असा असतो.

छपाईतल्या चुका पाहाव्यात असे सांगितले जाते, आणि एके काळी त्या चुका खरोखर चुगली करीत असत. २००७ साली अमेरिकेत काही स्वस्त दुकानांत कोलगेटच्या नावाने नकली टूथपेस्ट विकली जात असल्याचे उघड झाले. तिच्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य असण्याची भीती होती. हे तेच द्रव्य, ज्याने भेसळयुक्त औषधांतून जगात अनेकदा बळी घेतले आहेत. त्या खोक्यावर दक्षिण आफ्रिकेतल्या दंतवैद्यकांच्या संघटनेच्या नावातला 'असोसिएशन' हा शब्दच चुकीच्या स्पेलिंगने छापलेला होता आणि 'साउथ आफ्रिका' या नावातही एक अक्षर भलतेच पडले होते. अशी चूक दिसली तर वस्तू नकली आहे हे नक्की समजावे. पण चूक दिसली नाही म्हणून ती अस्सल आहे, असे मात्र समजू नये. आता मूळ खोक्याचीच प्रत काढून छापतात, त्यामुळे स्पेलिंगही मूळ कंपनीचेच असते.

मग वस्तू कोणत्या वाटेने आली हे पाहायचे म्हणजे नेमके काय पाहायचे? ऑनलाइन बाजाराचे नाव म्हणजे विक्रेत्याचे नाव नव्हे, ही पहिली गोष्ट. वस्तूच्या चित्राखाली, किमतीजवळ, बहुतेक वेळा बारीक अक्षरांत 'विक्रेता' म्हणून एक नाव दिलेले असते आणि तुमचा खरा व्यवहार त्याच्याशी होतो. एकाच वस्तूच्या पानावर दहा विक्रेते असू शकतात, आणि कमी किंमत सांगणाऱ्याचे नाव अनेकदा आपोआप पुढे आलेले असते. तुमच्या ऑर्डरच्या नोंदीत ते नाव आजही सापडेल. ते उघडून पाहा: तो किती काळापासून विकतो आहे, त्याच्या दुकानात आणखी काय काय आहे, त्याचा पत्ता दिलेला आहे का. चार्जर, क्रीम, बुटांचे पॉलिश आणि घड्याळे एकाच वेळी निम्म्या किमतीत विकणारा, काल-परवा नाव नोंदवलेला विक्रेता दिसला, तर मी तरी पुढे जात नाही. याउलट, बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी स्वतःच्या संकेतस्थळावर देतात. ती पाहायला दोन मिनिटे लागतात, आणि बाकीच्या सगळ्या युक्त्यांपेक्षा तीच अधिक कामाची आहे.

ग्राहकांच्या अभिप्रायांवर मी फारसा विसंबत नाही, आणि तारे मोजणे तर मी सोडूनच दिले आहे. वर सांगितलेल्या ४७ वस्तू ज्यांनी विकल्या, त्या विक्रेत्यांना ग्राहकांनी दिलेले गुण नव्वद टक्क्यांच्या वर होते. अभिप्राय वाचायचेच असतील तर नव्यात नवे आणि वाईटात वाईट आधी वाचावेत. 'पूर्वी घेतले तेव्हा वास असा नव्हता', 'या वेळी झाकण सैल आले' अशा तक्रारी एकाहून अधिक लोकांनी केल्या असतील, तर शंभर 'छान आहे'पेक्षा त्यांचे वजन जास्त. कधीकधी क्रीमच्या पानावरचे जुने अभिप्राय उशीच्या मऊपणाची तारीफ करताना आढळतात. जुन्या, भरपूर तारे मिळालेल्या पानावरची वस्तूच बदलून टाकलेली असते. एवढे वाचण्याचे कष्ट कुणी घेत नाही, याची विक्रेत्याला खात्री असते.

स्वतंत्र संकेतस्थळावरून घेताना पत्त्याच्या पट्टीतले कुलपाचे चिन्ह पाहून निश्चिंत होऊ नका. तुमचा संगणक आणि ते संकेतस्थळ यांच्यामधली देवाणघेवाण मध्येच कुणाला वाचता येत नाही, इतकेच ते चिन्ह सांगते; पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. कंपनीच्या नावात एखादे जादा अक्षर, फक्त थेट बँक खात्यात पैसे मागणे आणि संपर्कासाठी केवळ एक अर्ज असणे, एवढे एकत्र दिसले तर तिथून उठावे.

किंमत हा इशारा खरा आहे, पण तो अर्धाच आहे. निम्म्या किमतीला विकला जाणारा ताजा माल संशयास्पद असतो, हे तुम्ही आता अनुभवाने जाणता. मात्र हुशार नकलाकार फार सवलत देत नाही. तो मूळ किमतीच्या जेमतेम आठ-दहा टक्के खाली राहतो, म्हणजे ग्राहकाला 'सेल' वाटावा आणि शंका येऊ नये.

सगळ्याच वस्तूंच्या बाबतीत इतकी चौकशी करायची म्हटले तर खरेदी हीच एक नोकरी होऊन बसेल. आपल्याजवळची सावधगिरी मर्यादित आहे, म्हणून ती जिथे धोका मोठा तिथे खर्च करावी. पोटात जाणारे, कातडीला लागणारे, विजेला जोडले जाणारे आणि अपघातात जिवाचे रक्षण करणारे, असा माझा स्वतःचा क्रम आहे. औषध, क्रीम, चार्जर, हेल्मेट. या चार जागी मी अनोळखी विक्रेत्याकडून काहीही घेत नाही. पेनाच्या किंवा पिशवीच्या बाबतीत फसलो तर माझे पैसे जातील, एवढेच.

चार्जरच्या बाबतीत मी इतका कडक का आहे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका नावाचा अस्सल चार्जर आणि त्याचीच नक्कल, असे दोन्ही मी दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका मित्राकडून शेजारी शेजारी उघडवून घेतले होते. चार्जरचे काम सोपे वाटते, पण त्याच्या काडेपेटीएवढ्या पोटात दोन जगे असतात: एकीकडे भिंतीतून येणारा विजेचा जीवघेणा दाब आणि दुसरीकडे फोनला सोसेल असा पाच-दहा व्होल्टांचा. या दोघांची गाठ कधीच पडू नये म्हणून अस्सल चार्जरच्या आतल्या सर्किटच्या पट्टीवर मधोमध काही मिलिमीटरांची मोकळी जागा सोडलेली होती, आणि एका ठिकाणी तर पट्टी आरपार कापून फटही ठेवलेली होती. आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर पिवळ्या चिकटपट्टीचे अनेक थर होते. नकली चार्जरमध्ये ती मोकळी जागा जवळजवळ नव्हतीच. दोन बाजूंचे डाखाचे थेंब एकमेकांपासून केसाच्या अंतरावर आले होते. ट्रान्सफॉर्मरवर पट्टीचा एकच सुटत आलेला वेढा होता. बाहेरून दोन्ही इतके सारखे होते की पुन्हा बंद केल्यावर कोणता कुठला हे लक्षात राहावे म्हणून आम्ही एकावर पेनाने फुली मारून ठेवली होती. ते केसाएवढे अंतर ज्या दिवशी ओलाव्याने किंवा उष्णतेने मिटेल, त्या दिवशी भिंतीतला दाब थेट तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोहोचेल. तुमच्या चार्जरचे प्लास्टिक पिवळे पडले ही तक्रार आहेच, पण त्याने धोक्याची सूचना दिली हे तुमचे नशीबही आहे.

अशाच तपासणीचे एक मोठे उदाहरण २०१६ सालचे आहे. विद्युत उपकरणांची सुरक्षितता तपासणाऱ्या यूएल या संस्थेने ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यांपैकी ३९७ सुरक्षिततेच्या मूलभूत चाचण्यांत नापास झाले, आणि १२ तर इतके वाईट बांधलेले होते की त्यांच्यापासून प्राणघातक झटका बसण्याचा धोका होता.

पॉवर बँकेचे आणि सुट्या सेलचे दुखणेही याच घरचे. अठरा मिलिमीटर जाडीचा आणि पासष्ट मिलिमीटर लांबीचा जो दंडगोल लिथियम सेल सर्रास वापरला जातो, त्यात नामवंत कारखान्यांनाही साधारण ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच क्षमता बसवता येते. त्याच आकाराच्या सेलवर ९८०० असा आकडा दिसला, तर तो उघडून पाहण्याची गरज नाही. चांगला सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरतो. खोटा हाताला पोकळ लागतो, आणि काहींच्या पोटात चिमुकला सेल व उरलेल्या जागेत पांढरी भुकटी भरलेली आढळली आहे. वस्तू निरखून नकली ओळखता येते अशी जी थोडी ठिकाणे आहेत, त्यांतले हे एक, कारण इथे छापलेला आकडाच निसर्गनियमाच्या विरुद्ध असतो.

क्रीमचा धोका असा भडकून दिसत नाही, म्हणून तो मला जास्त काळजीचा वाटतो. नकली प्रसाधनांत शिसे, आर्सेनिक, पारा आणि अस्वच्छ जागी माल भरल्यामुळे शिरलेले जंतू आढळले आहेत. त्यांपैकी पाऱ्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण त्वचा उजळवण्याच्या क्रीममध्ये तो मुद्दाम घातला जातो. पारा कातडीतून शरीरात जातो, मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो, आणि टॉवेल, उशीचा अभ्रा, हातांचा स्पर्श यांतून क्रीम न लावणाऱ्या घरच्या माणसांपर्यंत, लहान मुलांपर्यंतही पोहोचू शकतो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या २०१३ सालच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात अशा प्रसाधनांवर निर्बंध घातले गेले, ते उगाच नव्हे. सोने, चांदी, ॲल्युमिनियम किंवा रबर यांचा या क्रीमशी संपर्क येऊ देऊ नये, अशी सूचना डबीवर असेल तर ती पाऱ्याची खूण असू शकते. तुमचे क्रीम तसे उजळवण्याचे नसेलही. तरीही चेहऱ्यावर पुरळ, जळजळ, किंवा हातापायांना मुंग्या येणे, असे काही जाणवत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना डबी बरोबर न्या. 'कोणते क्रीम?' या त्यांच्या प्रश्नाला कंपनीचे नाव हे खरे उत्तर नाही, कारण डबीत काय आहे हे त्या कंपनीलाही ठाऊक नाही.

आता तुमच्या दिरांविषयी. त्यांचा युक्तिवाद मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ब्रँडच्या नावापोटी आपण पुष्कळदा अवाच्या सवा पैसे मोजतो, हे मला मान्य आहे. 'फर्स्ट कॉपी' म्हणून उघडपणे विकला जाणारा शर्ट कुणी जाणूनबुजून घेतला, तर फसवणूक मूळ कंपनीची होते, घेणाऱ्याची नव्हे. मी तो घेणार नाही, पण त्याने कुणाचा जीव जात नाही हेही कबूल करतो. तुमचे प्रकरण त्या जातीचे नाही. तुम्ही अस्सलाचे म्हणून पैसे दिले. शिवाय महागड्या ब्रँडला नकली हाच एक पर्याय आहे, असे दिरांनी गृहीत धरले आहे, आणि इथेच त्यांचे चुकते. स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त चार्जर हा खरा पर्याय आहे. ज्याने डबीवर स्वतःचे नाव घातले त्याला गमावण्यासारखे काहीतरी असते: त्याच्या चार्जरला आग लागली तर माल परत मागवला जातो, दंड होतो, नाव खराब होते. नकली मालावर नाव दुसऱ्याचे असते, त्यामुळे बदनामीही दुसऱ्याची होते, आणि वाईट माल काढण्याची शिक्षा ज्याने तो काढला त्याला कधीच होत नाही. स्वस्तच हवे असेल तर दुसऱ्या फळीतल्या कंपनीचे घ्या. त्यावर सुरक्षा चाचणीचा क्रमांक असेल तर ती चाचणी करणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो शोधा आणि तिथे दिसणारे उत्पादकाचे नाव डबीवरच्या नावाशी जुळते का ते पाहा.

चार्जर दुरुस्त करून दुसऱ्याला देण्याचा सल्ला मात्र मला साफ अमान्य आहे. जे तुम्ही तुमच्या सॉकेटला लावणार नाही, ते दुसऱ्याच्या घरात का धाडावे? मित्राच्या टेबलावर पाहिलेले ते अंतर दुरुस्तीने वाढत नाही. तो चार्जर बिघडलेला नाही, तो तसाच बांधलेला आहे. तक्रार निकाली निघाल्यावर त्याची वायर कापून टाका आणि तो ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

तक्रारीचा क्रम सांगतो. आधी चार्जर, वितळलेली बाजू, खोके, त्यावरचा बॅच क्रमांक आणि पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता यांचे स्पष्ट फोटो काढा. सेवा केंद्राकडून 'ही वस्तू आमची नाही' असे लेखी मिळाले, एक ओळीचा ईमेल का होईना, तर त्याने बाजू फार भक्कम होते. मग ऑनलाइन बाजाराकडे त्यांच्याच तक्रार व्यवस्थेतून लेखी तक्रार नोंदवा आणि तिच्यात 'आवडले नाही' किंवा 'खराब निघाले' असे न लिहिता 'नकली आहे' हा शब्द स्पष्ट वापरा. माल परत करण्याची मुदत संपली असली तरी नकली मालाची तक्रार वेगळी हाताळली जाण्याची शक्यता असते. विक्रेत्याने खासगीत फोन करून 'तक्रार मागे घ्या, पैसे देतो' म्हटले तर तिकडे वळू नका. बोलणे नोंद राहील अशा ठिकाणीच करा. कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेला व्यवहारावर हरकत घेण्याची विनंती करता येते, पण तिला मुदत असते, म्हणून आठवडे घालवू नका. मूळ कंपनीलाही कळवा. पैसे परत देणे तिच्यावर बंधनकारक नसले तरी विक्रेत्याला बाजारातून हटवण्यात सर्वांत जास्त रस तिलाच असतो. एवढ्याने भागले नाही तर ग्राहक तक्रार यंत्रणेचे दार आहेच.

एक लहानशी सवयही सुचवतो. अस्सल क्रीमची किंवा औषधाची डबी संपली की तिचे लेबल फाडून आणि खोके चुरगाळून टाकत जा. अस्सल रिकाम्या बाटलीत खोटा माल भरून विकणाऱ्यांना तीच तर हवी असते. तिच्यावरचा होलोग्रामही खरा आणि बॅच क्रमांकही खरा.

राहिली बहीण. तुम्ही तिला अजून काही सांगितलेले नाही, असे पत्राच्या सुरावरून मला वाटते, आणि त्यामागचा संकोचही समजतो. दिलेली भेट परत मागण्याइतके अवघड दुसरे काही नसते. तरीही हे पत्र वाचून झाले की तिला फोन करा आणि दोनच गोष्टी सांगा: डबी वापरू नकोस, आणि तिच्या तळाचा फोटो काढून पाठव. तिच्या आणि तुमच्या डबीवरचा बॅच क्रमांक व तारीख जुळवून पाहा, दोन्ही फोटो क्रीमच्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडे पाठवा आणि हा बॅच तुमचा आहे का, असे थेट विचारा. 'आमचा नाही' असे उत्तर आले, तर तो ईमेल चार्जरच्या तक्रारीला जोडा, म्हणजे एका विक्रेत्याच्या दोन वस्तू एकाच कागदावर येतील.